विंचवाचा पेपर

अंबाजोगाई

प्रिय मित्रा,

फोनवर तू घाईत होतास, म्हणून सविस्तर लिहितोय. नर्सिंगच्या पोरींसाठी जर्नल क्लब सुरू करतोयस, संशोधनाचे पेपर मिळून वाचायला नि तपासायला, झकास! पण आपण शिकताना पाहिला तसला नको रे बाबा. एमडी करणाऱ्या पीजीनं रातोरात पेपरचा सारांश, म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्ट पीपीटीवर चिकटवायचा, सकाळी तोच वाचून दाखवायचा, मागच्या बाकांवर डुलक्या, शेवटी सरांचं 'गुड' आणि चहा. डॉ. विल्यम ऑस्लरनं १८७५ साली मॉन्ट्रियलला असा क्लब काढला तो महागडी जर्नलं सगळ्यांना मिळून परवडावीत म्हणून. आता बरेच पेपर मोबाईलवर फुकट उघडतात. अडतं ते तपासायला कुणी शिकवत नाही तिथं.

सुरुवात विंचवापासून कर. आपल्या पट्ट्यात विंचू कुणाला समजावून सांगावा लागत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले, काम सगळं महाडला. त्यांचा 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमधला २०११चा विंचूदंशावरचा पेपर घे. ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. एकाला नुसतं प्राझोसिन हे औषध, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरचा उतारा, अँटिव्हेनम. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्यात ३५ पैकी ३२.

हे आकडे मी आधी दाखवतच नाही. अभ्यास कसा केला ते सांगणारा 'मेथड्स'चा भाग फक्त हातात देतो आणि प्रत्येकानं एक तरी शंका लिहून आणायची. मागं एका पोरीनं विचारलं, "सर, कुणाला काय दिलं हे डॉक्टरलाही माहीत, पेशंटलाही माहीत. मग 'बरा झाला' हे कुणी ठरवलं?" अशा उघड चाचणीला 'ओपन लेबल' म्हणतात, त्यात काय अडतं हे मला तासभर बडबडून जमलं नसतं. दुसरा म्हणाला, यात विषबाधेच्या ठरावीक ग्रेडचेच, म्हणजे तीव्रतेचेच पेशंट घेतलेत, आपल्याकडं तर भोंदूकडून फिरून उशिरा येतात, त्यांना हे लागू पडेल का? त्यावर वर्गात जी जुंपली! मी मुकाट बसलो. खरं तर शिक्षकाला तेच सगळ्यात अवघड जातं.

आकडेवारीला पोरं बिचकतात, तेव्हा 'आयसिस-२' नावाची औषधचाचणी काढ. १९८८चा अभ्यास, १७,१८७ हार्ट अ‍ॅटॅकचे रुग्ण, अ‍ॅस्पिरिननं मृत्यू घटले हे स्पष्ट. मग संशोधकांनी मुद्दाम राशीवार आकडे मांडले, तर मिथुन आणि तूळवाल्यांना अ‍ॅस्पिरिन जरा बाधतच होती! गट पाडत गेलं की योगायोगानं काहीही निघतं, हे त्यांना दाखवायचं होतं. आपल्याकडं पत्रिका न बघता पान हलत नाही, त्यामुळं हे उदाहरण पोरं कधी विसरत नाहीत.

पेपर तपासायच्या चेकलिस्ट वगैरे नंतर दे, आधी दिलीस तर नुसत्या टिकमार्क करून मोकळे होतील. आणि प्रत्येक वेळी शेवटी एवढंच विचार: हाच प्रश्न आपल्या वॉर्डात घ्यायचा तर काय मोजशील, कुणाला वगळशील, नोंद कोण ठेवणार? थिसिसचा विषय गाईडच्या कपाटातून न येता तिथूनच उगवतो. आमच्याकडं एकानं असाच प्रश्न घेऊन आयसीएमआरच्या एसटीएससाठी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या छोट्या संशोधनाला मिळणाऱ्या शिष्यवृत्तीसाठी, प्रपोजल लिहिलं. मंजूर होईल न होईल, पण सॅम्पल साईज, म्हणजे किती रुग्ण घ्यायचे तो आकडा, कुठून आला हे त्याला सांगता येतं. कित्येक पीजींना येत नाही.

एक अट मात्र पाळ. विभागप्रमुखांना (एचओडींना) पहिल्या रांगेत बसवू नकोस, पोरींची तोंडं शिवली जातील. पेपरची पीडीएफ रात्री पाठवतो. पहिल्या बैठकीत काय काय शंका निघाल्या ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मित्र