तिरसट डॉक्टर आणि आपल्या मालिका

‘हाऊस’ ही अमेरिकी वैद्यकीय मालिका २००४ ते २०१२ चालली. म्हणजे जगाला जुनी, पण आमच्या घरात आत्ता कुठे नातवाच्या कृपेने पोचली. ब्रिटिश नट ह्यू लॉरी यांनी रंगवलेला हा डॉक्टर काठी टेकत लंगडतो, पांढरा कोट घालायचा कंटाळा करतो, वेदनाशामक गोळ्या फुटाण्यासारख्या तोंडात टाकतो आणि रुग्णाला भेटणं शक्यतो टाळतो. रुग्ण खोटंच बोलणार, हे धरूनच तो चालतो. लक्षणं फळ्यावर मांडायची, हाताखालच्या डॉक्टरांशी हुज्जत घालायची, प्रसंगी त्यांना रुग्णाच्या घरात घुसवायचं! (आमची ही म्हणते, आपल्याकडे नातेवाइकांनी त्याला पहिल्याच दिवशी धरला असता.) पण निदान कसं होतं, कसं चुकतं, हे बघताना जेवण गार होतं.

आपल्या मालिकांत दवाखाना येतो तो नायिकेची स्मृती घालवायला नाहीतर सासूचं कारस्थान शिजवायला. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आमच्या सोलापूरचे. मराठी वाहिन्यांनी डॉक्टरी पेशावर एक धड मालिका काढावी. नायक तिरसट असला तरी चालेल.

- एक वाचक, सोलापूर