लावणीनंतरचा ताप आणि पाठदुखी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढात लावणी आटोपली आणि माझ्या काकांना ताप भरला. गोव्यातल्या पेडण्यात आमची भातशेती आहे. काकांना मधुमेह बरीच वर्षं आहे आणि टाचांना भेगा बारमाही. संध्याकाळी हुडहुडी भरायची, पाठ दुखायची. वाकून वाकून कंबर धरली असेल, असंच घरात सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

पाच दिवसांच्या अँटिबायोटिकने ताप उतरला, आठवड्याने पुन्हा चढला. मग दुसरी गोळी, मग तिसरी. त्यानंतर कुठे रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, झालं. औषध पोटात असताना घेतलेल्या रक्तात जंतू वाढले नाहीत, आणि 'काही नाही' असा रिपोर्ट हातात घेऊन आम्ही निर्धास्त घरी आलो. दुसऱ्या ठिकाणी एका तरुण डॉक्टरांनी काकांच्या बेंबीच्या वर हात ठेवला, तसाच काही वेळ ठेवला. तिथे नाडीसारखी गाठ उडत होती. सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, महाधमनीची भिंत फुग्यासारखी बाहेर आलेली दिसली. जंतूंनी ती आतून पोखरली होती.

याला 'मायकॉटिक अ‍ॅन्युरिझम' म्हणतात. विल्यम ऑस्लर या डॉक्टरांनी १८८५ साली दिलेलं हे नाव बुरशीचं वाटतं, पण कारण बहुधा जिवाणूच असतात, साल्मोनेला किंवा स्टॅफिलोकोकस. काकांच्या रक्तात नंतर मेलिऑयडोसिस या आजाराचा जंतू वाढला. तो माती-चिखलात राहतो, जखमेतून शिरतो, मधुमेह्यांना जास्त गाठतो. कर्नाटकात उडुपी-मणिपालकडे याचे रुग्ण अनेक वर्षं सापडताहेत, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर. प्रयोगशाळेत तो स्यूडोमोनास नावाचा साधा जंतू किंवा बाहेरून मिसळलेला जंतू समजून बाजूला पडू शकतो. म्हणून नमुन्यासोबत 'मधुमेही, भातशेती' एवढं तरी लिहून द्यायला हवं.

ऑपरेशन करून धमनीचा तो भाग बदलला. आधी कित्येक आठवडे शिरेतून सेफ्टाझिडिम हे अँटिबायोटिक, आता काही महिने को-ट्रायमोक्साझोल हे दुसरं.

माझी कळकळीची विनंती आहे. पावसाळ्यात मधुमेही माणूस ताप आणि पाठ किंवा पोटदुखी घेऊन आला, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी देण्याआधी दोन वेगळ्या जागांहून कल्चरसाठी रक्त घ्यावं. ताप उलटला तर सीटी अँजिओग्राफीचा विचार व्हावा. आरोग्य खात्याने प्राथमिक आरोग्य केंद्रांत कल्चरच्या बाटल्या आणि त्या वेळेत प्रयोगशाळेत पोचवायची सोय करावी, निदान लावणीच्या दिवसांत तरी.

आपला,
एक वाचक, पेडणे