तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रक्त कुठे तपासायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूर शहरात डेंग्यूचे रुग्ण वाढले की वर्तमानपत्रांत दोन तऱ्हेच्या बातम्या येतात. सिव्हिलमध्ये, म्हणजे मोठ्या सरकारी रुग्णालयात, खाटा अपुऱ्या पडल्याची एक, खासगी दवाखान्यांच्या बिलांची दुसरी. त्या वाचून वाटते की रुग्णाने नीट विचार करून दोहोंपैकी एक निवडले. मी पूर्व भागातल्या एका खासगी लॅबमध्ये रक्त घेण्याचे काम करते. समोरच्या बाकावर बसणारी माणसे रोज पाहते. त्यांच्यापैकी फार थोड्यांनी काही निवडलेले असते. ताप येऊन तिसरा दिवस उजाडला की संध्याकाळी रक्त जिथे तपासले जाते, तिथून पुढची वाट आपोआप ठरते.

पहिल्या दिवशी मेडिकलमधून गोळी आणली जाते. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या डॉक्टरांकडे इंजेक्शन. ताप हटत नाही, डोळ्यांच्या मागे ठणका लागतो, मग रक्ताची चिठ्ठी मिळते. सरकारी ओपीडी सकाळची. यंत्रमागावर कामाला गेले नाही तर मजुरी नाही, आणि विड्या वळणाऱ्या बाईने दिवस मोडला तर त्या दिवसाचा माल देता येत नाही. सोबत जाणाऱ्याचाही रोज बुडतो. म्हणून माणसे दिवस ढळल्यावर आमच्याकडे येतात. डेंग्यूची झटपट तपासणी, म्हणजे कार्ड टेस्ट, थोड्या वेळात होते, पेशींचा (प्लेटलेटचा) आकडा कळतो, डॉक्टर आपल्या ओळखीच्या दवाखान्यात फोन करतात आणि रात्री जेवणाच्या वेळेला घरातले डिपॉझिटसाठी भिशीतले पैसे उचलत असतात. चिठ्ठी देणाऱ्यांपैकी बरेच डॉक्टर सचोटीचे आहेत, कट (कमिशन) घेणारेही आहेत. पण कट घेणारा एकही नसता तरी माणूस तिथेच पोहोचला असता, कारण त्या वेळी उघडे दार तेवढेच असते.

सगळ्यात मोठी भीती पेशींची. रिपोर्टवर दीड लाखाच्या खालचा आकडा दिसला की घरात रडारड सुरू होते. ‘ताई, ऐंशी हजार म्हणजे आता बाटली चढवावी लागणार ना?’ हा प्रश्न मी पावसाळाभर ऐकते. खरे तर रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या चढवायची गरज नसते, असे आपल्या देशाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्याच कागदावर पीसीव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे रक्त किती घट्ट झाले आहे ते. तो चढू लागला आणि पेशी झपाट्याने उतरू लागल्या तर समजावे की रक्तातले पाणी नसांबाहेर झिरपते आहे. त्याकडे घरचे कोणी पाहत नाही, आणि कोणी त्यांना दाखवतही नाही.

दुसरी गोष्ट याहून जिवावरची आहे. डेंग्यूत धोका बहुधा ताप उतरताना येतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधे. आपल्याकडे ताप उतरला की माणूस कामावर जातो. पोटात जोराने दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विलक्षण गळून जाणे, लघवी कमी होणे, यातले एकही दिसले तर त्याच घटकेला मोठ्या रुग्णालयात न्यायला हवे. यातले काही नसेल तर बहुतेकांना खाट लागत नाही. पाणी, ताक, पेज, पॅरासिटामॉल आणि रोज एकदा रक्ताची मोजणी एवढ्यावर माणसे घरी बरी होतात. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन मात्र घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढतो. डेंग्यूच्या विषाणूवर औषध नाही, मग उंची अँटिबायोटिकची बाटली कशासाठी?

सिव्हिलबद्दल लोक जे बोलतात ते सगळे खोटे नाही. केस पेपरला रांग, रक्त एका इमारतीत, रिपोर्ट दुसरीकडे, आणि सोबत दिवसभर माणूस हवा. पदरात लहान मूल असलेली एकटी बाई तिथे कशी टिकणार? धाराशिव, लातूर आणि पलीकडे विजयपूर, कलबुर्गीकडचेही रुग्ण तिथेच येतात, तेव्हा गर्दी आपल्या एकट्या शहराची नाही. पण रुग्णाची प्रकृती बिघडली किंवा घरातले पैसे संपले की खासगीतून त्याला रात्री-अपरात्री शेवटी सिव्हिललाच पाठवतात. सिव्हिलला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे, तिथे तज्ज्ञ आहेत, अतिदक्षता विभाग आहे. अत्यवस्थ रुग्णाने आधी तिथे जावे, शेवटी नव्हे, असे मला कळकळीने वाटते.

पैशाबाबतही कोणी धड सांगत नाही. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासण्या आणि उपचार मोफत झाले. सिव्हिल मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, तो निर्णय त्या विभागाचा नव्हता. हे फरक मंत्रालयात ठाऊक असतील, अशोक चौकात कोणाला ठाऊक असणार? मोफत उपचारांची महात्मा फुले जनआरोग्य योजना अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, रुग्णालयांतच चालते, म्हणून भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, विचारायला हवे. डिपॉझिट भरून झाल्यावर विचारणारे किती तरी पाहिले. शिवाय २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे सुधारित नियम आले. त्यांनुसार खासगी रुग्णालयाने खाट, डॉक्टरांची फी यांसारखे दर आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे, आणि स्थानिक प्राधिकरणाने तक्रारीसाठी टोल फ्री क्रमांक ठेवायचा आहे. आपल्या शहरात किती दवाखान्यांच्या भिंतीवर हा फलक आहे, हे महापालिकेच्या आरोग्य विभागाने फिरून पाहावे. दिल्ली सरकारने २०१५ च्या साथीत डेंग्यू तपासणीवर सहाशे रुपयांची आणि प्लेटलेट मोजणीवर पन्नास रुपयांची मर्यादा घातली होती. मनात आणले तर दर आवरता येतात.

खासगीकडे वळलेल्या रुग्णामुळे आणखी एक नुकसान होते, ते सगळ्या गल्लीचे. नुसत्या कार्ड टेस्टवर पॉझिटिव्ह आलेला माणूस सरकारी हिशेबात ‘संशयित’च राहतो. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचे प्रथिन शोधणारी) आणि त्यानंतर आयजीएम (शरीरातली प्रतिपिंडे शोधणारी) तपासणी, तीही एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने झाली तर निदान पक्के धरतात. एलायझाचे नमुने एकत्र लावावे लागतात, त्यामुळे रिपोर्टला वेळ लागतो आणि घाबरलेले घर तेवढे थांबत नाही. म्हणून खासगी लॅबने पॉझिटिव्ह रुग्णाची माहिती आणि उरलेला नमुना त्याच दिवशी महापालिकेकडे द्यायला हवा. तो गेला नाही तर त्या गल्लीत डासांच्या अळ्यांसाठी पाण्याची भांडी तपासायला कोणी येत नाही. पाण्याच्या भांड्यांवरून घरातल्या बायकांना बोल लावणे सोपे असते. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घराने पिंप आणि हौद भरून ठेवायचे नाहीत तर काय करायचे? अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. पाणी रोज द्या, मग आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करण्याचा कोरडा दिवस पाळायला सांगा.

माझी मागणी एकच आहे. जुलै ते नोव्हेंबर महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांत रात्री नऊपर्यंत रक्ताची मोजणी व्हावी आणि रिपोर्ट तिथेच, त्याच वेळी हातात मिळावा. नमुना बाहेर पाठवून दुसऱ्या दिवशी कागद देणे या आजारात पुरत नाही. मोजणीचे यंत्र टेबलावर मावते, ते चालवायला एक तंत्रज्ञ पुरतो. रुग्णाला एक चिठ्ठी द्यावी, तीत तापाचा कितवा दिवस, पेशी, पीसीव्ही आणि धोक्याची लक्षणे लिहिलेली असावीत. ती मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही हवी, कारण पूर्व भागातल्या कितीतरी घरांत आजी तेलुगूच वाचते. ज्याला खरोखर खाट हवी त्याला केंद्रातूनच सिव्हिलला फोन करून पाठवावे, म्हणजे तिथे रांगेत ताटकळावे लागणार नाही. असे झाले तर आमच्या लॅबची संध्याकाळची गर्दी कमी होईल. ती व्हावी.

महापालिका आयुक्तांनी कोणत्या केंद्रात ही सोय कधीपासून देणार ते जाहीर करावे. तोवर आपण निदान एवढे करावे: कोणत्या केंद्रात आज रक्त घेतले जाते, किती वाजेपर्यंत, आणि बिलाची तक्रार कोणत्या क्रमांकावर करायची, ही माहिती आरोग्य विभागाकडून मागवून पावसाळाभर दर आठवड्याला छापावी.

कळावे,
आपली नम्र,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पूर्व भाग, सोलापूर