राउटर कोणता, हे ग्राहकाला ठरवू द्या

प्रति,
मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : फायबर जोडणीचा तांत्रिक तपशील ग्राहकास मिळण्याबाबत

महोदय,

पुण्यात लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मुक्त संगणकप्रणाली वापरणारी जुनी मंडळी बरीच आहेत. त्यांच्यापैकीच एक या नात्याने, आज घरोघरी पोहोचणाऱ्या फायबरबद्दल एक मागणी आपल्यापुढे मांडत आहे. तिचे कारण मात्र आयएसडीएनच्या, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरच्या जुन्या डिजिटल जोडणीच्या, काळात सापडते.

आयएसडीएनचे तंत्र जवळपास सगळीकडे सारखेच होते : टेलिफोनच्या तारेवरून ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या, एकत्र केल्या की १२८. तरीही जर्मनीतल्या लिनक्सवाल्यांनी ते हौसेने घरी घेतले आणि अमेरिकेतले बहुतेक जण साध्या मोडेमवरच राहिले. अमेरिकेत स्थानिक कॉल बहुधा मासिक भाड्यातच येत असल्याने मोडेम तासन्‌तास चालू ठेवला तरी बिल वाढत नसे, आयएसडीएनला मात्र अनेक ठिकाणी मिनिटागणिक आकार पडे. जर्मनीत स्थानिक कॉललाही मीटर होते. आयएसडीएनचा कॉल एकदोन सेकंदांत लागत असल्यामुळे गरज पडताच लाइन जोडायची, मेल उतरवून घ्यायची आणि लगेच सोडून द्यायची, हे तिथे परवडे. शिवाय प्रमाणके जाहीर असल्याने स्वस्त कार्डांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्राम) हौशी प्रोग्रामरांनीच लिहिले आणि १९९६ च्या लिनक्स २.० मध्ये आयएसडीएनची सोय कर्नेलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, आली.

आपल्याकडे मीटर जर्मनीसारखे होते, सोय मात्र तशी नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले ते चार महानगरांत. पुण्याचा नंबर नंतर लागला. आयएसडीएन घरगुती ग्राहकाच्या वाट्याला क्वचितच आले. राहता राहिला मोडेम. त्यातही बाजारात स्वस्त मिळणाऱ्या आतल्या कार्डाचे निम्मे काम विंडोजमधला प्रोग्राम करी, आणि त्याचा तपशील कंपनी कोणाला देत नसे. लिनक्सवर ते कार्ड म्हणजे नुसता पत्रा. ज्याला सिरियल पोर्टला लागणारा महागडा बाहेरचा मोडेम परवडे, त्याचेच काम चाले. बाकीच्यांनी मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी लावून पाहायची आणि इंटरनेटसाठी पुन्हा विंडोजकडे वळायचे.

आज वेग हजारपट वाढला आहे, पण अडवणूक त्याच जागी आहे. माझ्याकडे फायबर देणाऱ्या कंपनीने बसवलेल्या डब्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड मला मिळत नाही, व्हीलॅन क्रमांक आणि पीपीपीओईचे तपशील (स्वतःचा राउटर जोडायला लागणारी माहिती) मागितले, तर तक्रार केंद्रातून विचारणा होते, "सर, विंडोज कोणते आहे?" (हे केवळ एका कंपनीपुरते असते, तर आपल्याला पत्र लिहिण्याचे कारण नव्हते.)

एकाच फायबरवर अनेक घरे असतात आणि चुकीचे उपकरण शेजाऱ्यांचीही जोडणी बिघडवू शकते, हा कंपन्यांचा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून प्रकाशाचा सिग्नल घेणारा डबा हवा तर कंपनीचाच राहू द्यावा. पण ग्राहकाने मागताच तो ब्रिज मोडमध्ये करून द्यावा, म्हणजे त्याने सिग्नल फक्त पुढे सोडावा, आणि त्यापुढचा राउटर ग्राहकाचा असावा. जर्मनीने तर याच्याही पुढे जाऊन १ ऑगस्ट २०१६ पासून उपकरण निवडण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे.

आपल्या सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे धोरण स्वतःच्या कार्यालयांसाठी स्वीकारले. इंटरनेट सेवेच्या परवान्यात ब्रिज मोडचे आणि जोडणीचा तपशील लेखी देण्याचे कलम घालावे, आणि त्याची सुरुवात सरकारी पैशातून उभ्या राहिलेल्या भारतनेट या ग्रामीण फायबर योजनेच्या जोडण्यांपासून करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
पुण्यातील एक लिनक्स वापरकर्ता