मॉनिटर ग्रंथपाल ताईंकडे वळवणाऱ्या भाऊंना

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या गावागावांत मोटरसायकलवरून कॉम्प्युटर दुरुस्तीला जाणाऱ्या भाऊंना,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. नावानिशी कौतुक तुम्हाला आवडायचं नाही, आणि ज्यांनी ओळखायचं ते ओळखतीलच. ग्रामवाचनालयातला तो जुना कॉम्प्युटर आता बटण दाबल्यावर अर्ध्या मिनिटात कामाला लागतो. पोलीस भरतीचे फॉर्म भरणारी पोट्टी माऊसवर बोट आपटत बसत नाहीत. पण हे पत्र त्या वेगासाठी नाही. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, बसवली की वेग येतोच, त्यात बसवणाऱ्याची फार करामत नसते.

आभार आहेत ते तुम्ही आल्या आल्या जे केलं त्याबद्दल. स्क्रू-ड्रायव्हर काढायच्या आधी, खुर्चीवर बसायच्या आधी, तुम्ही मॉनिटर ग्रंथपाल ताईंकडे वळवला आणि म्हणालात, "ताई, बसा तुम्ही. मशीन काय म्हणते थे तुम्हीच पहा. मी उभा आहो."

आधीचे जे कारागीर आले, त्यांनी सगळ्यात पहिले मॉनिटर आपल्याकडे फिरवला होता. ताईंनी काही विचारलं की "थे तुमच्या कामाचं नाही," आणि पाच मिनिटांत निकाल: "फॉर्मॅटच मारा लागते," म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकायचं. रोज दाखल नोंदवही भरणारी, वार्षिक अहवाल टाइप करणारी बाई तीच. मशीन कोणत्या वेळी अडकतं, काय उघडलं की अडकतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण तिला विचारावं असं वाटलं ते तुम्हालाच.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून तुम्ही टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनमध्ये आत्ता काय चाललंय ते दाखवणारी खिडकी, ताईंच्याच हातून उघडवलात. प्रोसेसर १० ते १५ टक्के, म्हणजे जवळपास रिकामा बसलेला. मेमरी, म्हणजे रॅम, ९० टक्क्यांच्या वर. आणि डिस्क १०० टक्के, पण वाचण्याचा वेग सेकंदाला १ एमबीसुद्धा नाही. ताईंचा प्रश्न बरोबर होता: १०० टक्के काम करून राहिली तर एवढंसंच कसं होते? त्याचं उत्तर तुम्ही दिलंत ते इथं लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या गावातही कोणाच्या कामी येईल. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला साधारण ८ मिलिसेकंद. वाचणारी सुई जागेवर जाईपर्यंत आणि हवा तो भाग तिच्याखाली येईपर्यंत १२ ते १५ मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना हजारो लहान लहान फाइली इकडून तिकडून वाचतं. अशा वाचनांचे सेकंदाला ७०-८० फेरे झाले की डिस्कचा दम संपतो, मग प्रत्येक फेऱ्यात ४ केबीच का हाती लागेना. त्यात मेमरी कमी पडली की विंडोज उरलेलं काम त्याच डिस्कवर ढकलतं. म्हणजे थकलेल्यावर आणखी ओझं.

इथंच बाकीचे थांबले असते. तुम्ही पुढे 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम'कडे, म्हणजे डिस्कला उत्तर द्यायला लागणाऱ्या सरासरी वेळाकडे, बोट दाखवलं. तो मधूनमधून हजार मिलिसेकंदांच्या वर उडी मारत होता, आणि धडधाकट डिस्क इतकी अडत नाही. डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्राम चालवल्यावर पिवळ्या रंगात 'कॉशन', म्हणजे सावधानतेचा इशारा, आला. 'करंट पेंडिंग सेक्टर', म्हणजे डिस्कला धड वाचता न आलेल्या जागा, शून्य असायला हवे, ते नव्हते. खराब जागा आली की डिस्क तेच तेच पुन्हा वाचायला बघते आणि तेवढा वेळ अख्खं मशीन गोठतं. माऊस हलतो, पण क्लिक लागत नाही, तो प्रकार हाच.

आता आधीच्या मंडळींबद्दल थोडं बोललंच पाहिजे. क्विक फॉर्मॅट मारल्याने खराब सेक्टर बरे होत नाहीत. फॉर्मॅटनंतर मशीन काही दिवस पळतं ते निराळ्या कारणानं: सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्राम नसतात, जागा मोकळी असते आणि फाइली तबकडीच्या बाहेरच्या, जास्त वेगाच्या भागात बसतात. मग हळूहळू सगळं परत. तेवढ्यात बिल वसूल झालेलं असतं. एकानं २ जीबीच्या सोबत ४ जीबीची रॅम टाकून पैसे घेतले, पण विंडोज ३२ बिटचं आहे हे पाहिलंच नाही. ३२ बिट विंडोजला एकूण ४ जीबीच्या पलीकडे पाहता येत नाही, आणि त्यातलाही काही वाटा मदरबोर्डावरच्या, म्हणजे सगळे भाग जिथं जोडतात त्या मुख्य पाटीवरच्या, उपकरणांना जातो. सिस्टीमच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं होतं: ६ जीबी बसवलेली, वापरता येण्यासारखी ३.२. वाचलं असतं तर दिसलं असतं. दुसऱ्यानं विंडोजचं स्वतःचं अँटिव्हायरस असताना वर आणखी एक विकलं, शिवाय 'पीसी क्लीनर' म्हणून एक भंपक प्रोग्राम. तो दर वेळी शेकडो 'चुका' दाखवायचा आणि स्वतःच डिस्क चाटत बसायचा. शेवटचा म्हणाला, नवीनच घ्या.

त्या फॉर्मॅटांमधला सगळ्यात मोठा घाव वेगाचा नव्हताच. दाखल नोंदवहीच्या जुन्या फाइली कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेल्या. फॉर्मॅटमध्ये फाँट उडाले आणि पुस्तकांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा निरर्थक काला दिसू लागला. "फाइल करप्ट झाली," असं सांगून कारागीर निघून गेला. तुम्ही फाइल उघडून एक ओळ निवडली, फाँटचं नाव वाचलं, फाँट टाकला आणि सगळी मराठी जागच्या जागी परत आली. त्यात काही जादू नाही हेही तुम्हीच सांगितलंत. अक्षरं कुठं गेलीच नव्हती.

म्हणून डिस्कला हात लावायच्या आधी तुमचा प्रश्न होता: यातलं काय काय जपायचं आहे? मरणाऱ्या डिस्कवर आधी डिफ्रॅग किंवा चेकडिस्क असले डिस्क आवरणारे-तपासणारे प्रोग्राम चालवायचे नाहीत, त्या वाचनानंच ती जाऊ शकते. आधी सगळ्यात गरजेच्या फाइली, मग फोटो, मग बाकीचं. फाँटचं फोल्डरही सोबत. कॉपी झाल्यावर तुम्ही ताईंना कॉपीतली नोंदवही उघडायला लावली, मधलं एक पान, शेवटचं एक पान. त्यानंतरच कॅबिनेट उघडलं.

सुट्या भागांबद्दल तुमचा हिशोब सरळ होता. बोर्ड एच-६१ चिपसेटचा, प्रोसेसर थर्ड जनरेशन आय-थ्री, ३.३ गिगाहर्ट्झ. फॉर्म भरायला, टायपिंगला, व्हिडिओ लेक्चर पाहायला पुरेसा, त्याला हात लावायचा नाही. त्या बोर्डावर साटा, म्हणजे डिस्क जोडायचा मार्ग, ३ गिगाबिटचाच आहे, त्यामुळे एसएसडी आपल्या पूर्ण वेगानं चालणार नाही, सेकंदाला अडीचशे एमबीच्या आसपास अडकेल. "मंग फायदा काय?" असं विचारणारे पुष्कळ असतात. फायदा त्या सरळ वेगात नाहीच. एका लहान वाचनाला जिथं १२-१५ मिलिसेकंद लागत, तिथं एक दशांश मिलिसेकंद लागतो. २४० जीबीची साधी एसएसडी, ६४ बिट विंडोज नव्यानं, आणि त्याआधी बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रणालीत, डिस्कशी बोलायची जुनी आयडीई पद्धत बदलून एएचसीआय. रॅमची ४ जीबीची पट्टी चांगली होती, ती ठेवली. २ जीबीची काढून त्या जागी दुसरी ४ जीबीची, म्हणजे दोन्ही सारख्या होऊन ड्युअल चॅनल चालतो, दोन्ही पट्ट्या एकदम वापरता येतात. बाजारात डीडीआर-थ्री म्हणजे या जुन्या प्रकारच्या रॅमच्या स्वस्त पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डावर चालणाऱ्याही मिळतात, इंटेलच्या बोर्डात त्या घातल्या की मशीन नुसतं बीप देतं, हेही सांगून ठेवलंत.

आणि दुपारचा प्रश्न! ताई पहिल्यापासून सांगत होत्या की मशीन सकाळी बरं चालतं आणि बारानंतर बसतं. आधी सगळे हसले. तुम्ही ते ऐकून थेट प्रोसेसरच्या पंख्याकडे गेलात. कापसाच्या हंगामात रस्त्यावरून जिनिंगला जाणाऱ्या गाड्या, त्यामुळे पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत सरकी-कापसाच्या तंतूंचा नमदाच झाला होता. वरून पंखा स्वच्छ दिसतो, काढल्याशिवाय तो थर दिसत नाही. त्यात प्रोसेसरच्या कूलरच्या, म्हणजे त्या पंखा आणि पात्यांच्या जोडीच्या, चार पिनांपैकी एक तुटलेली, म्हणून कूलर एका बाजूनं उचललेला. खोलीतच चाळीस-बेचाळीस अंश असताना असा कूलर काय करणार? प्रोसेसर शंभरीच्या जवळ गेला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. मेमध्ये आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो तेव्हा तर विचारूच नका.

ब्लोअर तुम्ही ओसरीत नेऊन मारला, पंख्याचं पातं बोटानं धरून, कारण हवेच्या झोतानं तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, तुरीच्या दाण्याएवढी, जास्त नाही. पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांनी दाबल्या. कॅबिनेट टेबलाच्या बंद खणातून बाहेर काढून भिंतीपासून हातभर लांब ठेवलं. नाण्याएवढा सीआर-२०३२ सेलही बदलला. रात्री भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचं बटण बंद आणि दिवसा भारनियमन, त्यामुळे घड्याळाचा सगळा भार त्या सेलवर येतो. तो मेला की तारीख मागं जाते, साइटींची सुरक्षा-प्रमाणपत्रं जुळत नाहीत आणि लोक नेटवाल्याला शिव्या देतात. शिवाय बायोस मूळ सेटिंगवर जाऊन एएचसीआयचं पुन्हा आयडीई होऊ शकतं, मग विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं. एवढ्या स्वस्त सेलच्या नावावर किती मशीन 'बोर्ड गेला' म्हणून भंगारात गेली असतील कोण जाणे.

तुम्ही काय विकलं नाही, तेही लिहितो. विंडोज ११ त्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, ते जबरदस्तीनं टाकून दिलं नाही. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, वाढीव सुरक्षा अपडेट मिळाले तरी ठरावीक काळापुरतेच, त्यानंतर लिनक्स टाकावं लागेल, हे पैसे घ्यायच्या आधी सांगितलं. असं वाईट ऐकवणारा दुकानदार दुर्मीळ.

आपल्याकडे विहिरीवरची मोटर जळाली की चांगला मिस्त्री जळालेलं वाइंडिंग काढून आधी शेतकऱ्याच्या हातात देतो, मग भाव सांगतो. त्याच्याकडं मग तीन पिढ्या जातात. तालुक्याच्या बाजारपेठेत अशी माणसं अजून आहेत, कृषी केंद्रात आहेत, दवाखान्यात आहेत. त्यांच्या दुकानाची पाटी मोठी नसते एवढंच. समोरच्याला कळत नाही यावर ज्यांचा धंदा चालतो, त्यांच्यापेक्षा समोरच्याला कळावं म्हणून उभं राहणाऱ्या माणसाला कमी पैसे मिळतात, आणि हे काही बरं नाही.

ताई आता महिन्यातून एकदा टास्क मॅनेजरचा स्टार्टअप भाग स्वतः पाहतात. परवा एका मुलानं टाकलेला डाउनलोडर त्यांनीच पकडून बंद केला.

राहिलेलं काम तुमच्या लक्षात असेलच: यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी उतरत आली आहे, पुढच्या फेरीत घेऊन या. लेझर प्रिंटर यूपीएसवरून काढून सरळ भिंतीतल्या पॉइंटवर लावला आहे. जुनी हार्ड डिस्क 'खराब' असं लिहून कपाटात ठेवली आहे. २ जीबीची रॅम पट्टी मात्र चांगली आहे. कुठल्या शाळेच्या मशीनला डीडीआर-थ्री लागत असेल तर घेऊन जा, तिचे पैसे नकोत.

आपले,
ग्रामवाचनालयाचे वाचक