दवाखाना उघडतोयस, तर...

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. नोकरी सोडून स्वतःचा दवाखाना काढतोयस हे वाचून आनंद झाला आणि पाठोपाठ पोटात गोळाही आला. भिंतींचा रंग, खुर्च्या, तपासणीचं टेबल, पाटी यांवर तू दोन पानं खर्ची घातलीस. कागदपत्रांबद्दल मात्र एकच ओळ : "त्यासाठी एखादा माणूस ठेवू." त्या एका ओळीपायी हे लांबलचक पत्र लिहितोय.

माणूस जरूर ठेव. मीही ठेवला होता. पण माझ्या दवाखान्याच्या सहाव्या वर्षी काय झालं ते तुला आजवर सांगितलं नाही, लाज वाटत होती म्हणून. एका गृहस्थांना मी छातीचा एक्स-रे काढायला पाठवलं आणि सवयीने म्हणालो, "काही असलं तर आम्ही फोन करू." रिपोर्ट आला त्या दिवशी मी रजेवर. सहायकाने तो अगदी व्यवस्थित, तारखेनुसार, त्यांच्या केसपेपरमध्ये लावून फाइल कपाटात ठेवली. वर्गीकरणात चूक काढायला जागा नव्हती. पाच महिन्यांनी खोकला घेऊन ते परत आले, मी फाइल उघडली, आणि त्यात फुप्फुसावरच्या छायेबद्दल स्पष्ट लिहिलेलं : पुढची तपासणी लगेच करावी. ते गृहस्थ बचावले, पण बरंच सोसून. कोर्टात गेले नाहीत. एवढंच म्हणाले, "डॉक्टर, फोन येणार होता ना?"

वकिलाला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीचं उत्तर मालकाला द्यावं लागतं, हे तत्त्व जवळपास सगळीकडे आहे. शिवाय इथे तर सहायकाची चूकही नव्हती. रिपोर्ट आला की काय करायचं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं.

तेव्हापासून माझ्या टेबलावर एक साधी वही असते. पाठवलेल्या प्रत्येक तपासणीची एक ओळ : कधी पाठवली, रिपोर्ट कधी आला, कोणी पाहिला, रुग्णाला कोणी आणि केव्हा कळवलं. माझी सही आणि तारीख पडल्याशिवाय एकही कागद फाइलमध्ये जात नाही. आठवड्याच्या शेवटी मी फक्त रिकामे रकाने बघतो. आणि "फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक" हे वाक्य आमच्याकडे बंद आहे; रिपोर्ट चांगला असला तरी कळवतो. तू हे कॉम्प्युटरवर कर, हरकत नाही, पण पहिल्या दिवसापासून कर.

केसपेपरबद्दल तुला वेगळं सांगायला नको, कॉलेजात तुझं अक्षर आमच्यापेक्षा बरं होतं. एकच : चुकलं तर एक सरळ रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी दुरुस्ती, तारीख, वेळ, सही. काही लिहायचं राहिलं तर "उशिरा केलेली नोंद" असं सांगून लिही. तक्रार आल्यावर मागची नोंद सुधारायचा मोह भल्याभल्यांना होतो, आणि बचाव होऊ शकेल अशी केस तिथेच बुडते. कॉम्प्युटरवर तर कोणी, कधी, काय बदललं याचा माग राहतोच. म्हणून प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा हवा. आमच्याकडे दोन वर्षं सगळे माझ्याच नावाने आत शिरायचे. म्हणजे सगळ्यांनी केलेलं सगळं कागदोपत्री मीच केलेलं!

संमतीपत्राचं तसंच. छापील फॉर्मवर सही घेतली की आपण सुटलो असं तुला वाटत असेल तर ते डोक्यातून काढ. सज्ञान, मन ठिकाणावर असलेल्या माणसाच्या शरीराचं काय करायचं हे तोच ठरवणार, हे न्यूयॉर्कच्या न्यायालयात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी 1914 साली लिहिलं. पुढे 2015 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वाटेने जात म्हटलं की कोणता धोका सांगायचा हे डॉक्टरमंडळींच्या प्रथेवर ठरत नाही; त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला काय महत्त्वाचं वाटेल, यावर ठरतं. त्या खटल्यात मधुमेही आईला प्रसूतीतला एक धोका सांगितलाच नव्हता. मी आता सहीबरोबर दोन ओळी स्वतः लिहितो : काय समजावलं, त्यांनी काय विचारलं. उपचाराला नकार दिला तर तोही असाच लिहितो. पुढे तोच जास्त कामी येतो.

गुप्ततेचं म्हणशील तर आपण शपथेत म्हटलं तेवढं पुरत नाही, कारण गळती आपल्या खोलीतून होत नाही. ती होते बाहेरच्या टेबलावरून. "तुमचा तो मूळव्याधीचा रिपोर्ट आलाय हं!" हे आठ जणांसमोर मोठ्यांदा. किंवा रिपोर्टचे फोटो कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये. नोकरी सोडून गेलेल्या मुलीच्या फोनमध्ये तुझे किती रुग्ण गेले हे तुला कधीच कळणार नाही. नेमणुकीच्या कागदातच गोपनीयतेची अट घाल, आणि तरीही अधूनमधून बाहेरच्या खुर्चीत बसून काय ऐकू येतं ते ऐक.

लशी ठेवणार असशील तर फ्रिजचं तापमान 2 ते 8 अंशांत हवं, दिवसातून दोनदा नोंद. सगळे उष्णतेला घाबरतात. पण धनुर्वात, हिपॅटायटिस बी यांसारख्या लशी गोठल्या की निकामी होतात, आणि कुपीकडे बघून ते ओळखता येईलच असं नाही. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, ठेवलेल्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे ती उष्णतेतून गेली, इतकंच. जंतू मेले का हे स्पोअर टेस्ट, म्हणजे चिवट जंतू मुद्दाम आत ठेवून केलेली चाचणी, सांगते. सुयांचा डबा पाऊण भरला की बंद. नियंत्रित औषधं, म्हणजे नशेसाठी गैरवापर होऊ शकतो अशी, कुलपात, नोंदवहीत प्रत्येक गोळीचा हिशेब आणि दोन सह्या.

परवान्यांची एक यादी भिंतीवर लाव : तुझी नोंदणी, जागेची नोंदणी, कचरा नेणाऱ्यांचा करार, एक्स-रे मशीन असेल तर त्याची परवानगी, अग्निशामकाची तपासणी. प्रत्येकापुढे संपण्याची तारीख. तुझी स्वतःची नोंदणीसुद्धा त्यात घाल, आपण नेमकी तीच विसरतो.

पैशाचं एकच सांगतो. रोख घेणारा आणि दिवसाचा हिशेब जुळवणारा हे एकच माणूस नको. पावत्यांना सलग क्रमांक हवेत. यात कुणावर संशय नाही, उलट प्रामाणिक माणसालाच याचा आधार असतो.

विमा घेताना एक प्रश्न विचार, एजंट आपणहून सांगत नाही : घटना घडली तेव्हा पॉलिसी चालू असली की पुरे, की दावा येईल तेव्हाही चालू हवी? दुसऱ्या प्रकारची असेल तर दवाखाना बंद केल्यावरही जुन्या रुग्णाचा दावा येऊ शकतो आणि तू उघडा पडतोस; त्यासाठी पुढच्या काळाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

आणि भागीदारी. तुझी आणि तुझ्या भागीदाराची जुनी मैत्री आहे, माहीत आहे, म्हणूनच लिहून घ्या. एक जण बाहेर पडला तर रुग्णांचे केसपेपर कोणाकडे राहतील, रुग्णांना कोण आणि किती आधी कळवेल, जुन्या फाइली किती वर्षं आणि कोणाच्या खर्चाने सांभाळायच्या. लहान मुलांच्या फाइलींची मुदत अनेक ठिकाणी ती सज्ञान झाल्यावर मोजतात, म्हणजे आज तपासलेल्या बाळाचा कागद तुला वीसेक वर्षं जपावा लागेल. कपाट मोठं घे.

कराराचा मसुदा झाला की सही करण्याआधी मला पाठव. पाटी नंतर रंगव.

तुझा,
जुना रूम पार्टनर