चार्टमध्ये कंपनी हेडक्वार्टर कुठेय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पायदळाच्या कंपनीवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. चार्ट तसा बरोबर होता, दहा जणांचं सेक्शन, तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी, सगळी मिळून साधारण १२० माणसं आणि सगळ्यात वर कंपनी कमांडर. पण कमांडरच्या चौकटीतून बाण निघतो तो थेट प्लाटूनवर, मधलं कंपनी हेडक्वार्टर पार गायब! मी स्वतः कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होतो, त्यामुळे जरा जास्तच लागलं असं समजा.

कमांडरचं डोकं लढाईत असतं. कोणत्या दोन प्लाटून पुढे टाकायच्या, कोणती राखीव ठेवायची, मॉर्टरचा नि तोफांचा फायर कधी मागायचा, हे सगळं त्यानेच ठरवायचं. आता त्याच वेळी कुणाचा दारूगोळा संपत आलाय, जखमींना मागे कोण नेणार, पाणी पोचलं का, हेही त्यानेच बघत बसायचं म्हटलं तर तो लढणार कधी? म्हणून टूआयसी, म्हणजे कमांडरचा दुय्यम अधिकारी, असतो, सिनियर जेसीओ, म्हणजे कंपनीतला वरिष्ठ सुभेदार, असतो, शिस्त, ड्यूट्या आणि लढाईत दारूगोळ्याचं वाटप बघणारा कंपनी हवालदार मेजर असतो, आणि रेशनपासून बुटांपर्यंत सगळं मागून पुढे पोचवणारा आमच्यासारखा माणूस असतो, ज्याची आठवण जेवण उशिरा आलं की सगळ्यांना येते. अमेरिकन कंपनीत हुद्दे वेगळे पण कामं हीच, तिकडे फर्स्ट सार्जंट आणि सप्लाय सार्जंट.

काश्मीरमधल्या बडगामच्या लढाईचं उदाहरण घ्या. ३ नोव्हेंबर १९४७, ४ कुमाऊं बटालियनची डी कंपनी, कमांडर मेजर सोमनाथ शर्मा. माणसं पडायला लागल्यावर डाव्या हाताला प्लास्टर असताना ते स्वतः मॅगझिन भरून लाइट मशीनगनवाल्यांना देत होते, म्हणजे बघा, वेळ आली तेव्हा मेजर साहेब आमचं काम करत होते. त्यातच मॉर्टरचा गोळा पडून ते गेले. त्यांच्या परमवीर चक्राच्या प्रशस्तिपत्रात लिहिलंय की त्यांची माणसं सहा तास लढली, आणि त्यातला एक तास ते गेल्यानंतरचा होता. त्या शेवटच्या एका तासाचं उत्तर तुमच्या चार्टमध्ये मिळत नाही, कारण त्यात वरची चौकट खोडली की खाली नुसत्या तीन सुट्या प्लाटून उरतात. खऱ्या कंपनीत कमांडर पडला तर सूत्रं कुणाकडे, तो पडला तर पुढे कुणाकडे, हे आधीच ठरलेलं असतं आणि सगळ्यांना माहीत असतं.

कधी तर अख्खं हेडक्वार्टरच जातं. ६ जून १९४४ला नॉर्मंडीत अमेरिकेच्या ५०६व्या पॅराशूट रेजिमेंटच्या ईझी कंपनीचा कमांडर आणि फर्स्ट सार्जंट एकाच विमानात होते आणि ते विमान पाडलं गेलं. पहिल्या प्लाटूनच्या लेफ्टनंट विंटर्सनी कमांड घेतली आणि त्याच दिवशी मोजक्या माणसांनिशी जर्मन तोफा बंद पाडल्या. आता दोघं एकाच विमानात का बसले हा प्रश्न मला अजून पडतो, असो.

लेखात प्लाटून कमांडर म्हणजे तरुण लेफ्टनंट असं लिहिलंय, तेही अर्धंच खरं. आपल्याकडे बऱ्याच प्लाटून सुभेदार नाहीतर नायब सुभेदार चालवतो, शिपायापासून वर आलेला माणूस. लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत १९६२च्या चीन युद्धात १३ कुमाऊंच्या चार्ली कंपनीच्या प्लाटून लांब लांब पसरलेल्या होत्या, मधे डोंगर आल्यामुळे तोफांचा फायर मिळत नव्हता, मेजर शैतान सिंग एका पोस्टवरून दुसऱ्या पोस्टवर जात राहिले, पण ते एका वेळी एकाच जागी असणार ना, बाकीच्या ठिकाणी जेसीओंनीच लढाई चालवली. असली माणसं चार्टमध्ये नुसती ‘प्लाटून १, २, ३’ म्हणून कशी बसवता?

आपला,
एक निवृत्त हवालदार

ता. क. लेखातलं ‘कंपनी कमांडर कॅप्टन असतो’ हे अमेरिकेत ठीक आहे, आपल्याकडे आणि ब्रिटिशांकडे सहसा मेजर असतो. ब्रिटिशांकडेही आधी कॅप्टनच असायचा, पण पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर त्यांनी बटालियनमधल्या आठ छोट्या कंपन्यांच्या चार मोठ्या केल्या आणि मग एवढ्या मोठ्या कंपनीला मेजर किंवा सिनियर कॅप्टन द्यायला लागले.